स्पीकरमधली शिट्टी शोधताना

नुसती चावी फिरवून स्टिरिओ लावला तर गाणं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की मागच्या स्पीकरमधून एक बारीक शिट्टी सुरू. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेकडे निघालं की प्रत्येक सिग्नलला ती खाली येते आणि गाडी सुटली की पुन्हा वर. अंकलीच्या पुलावरून कोल्हापूरच्या दिशेला मोकळा रस्ता मिळाला की इतकी टोकदार व्हायची की गाणं बंद करून बसावं लागायचं.

गाडीत स्टिरिओचा आवाज वाढवणारा वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवून घेतलेल्या अनेकांनी ही शिट्टी ऐकली असेल. दणदणीत गाणी लावली की ती त्यात बुडून जाते, म्हणून बहुतेक जण तिच्याकडे लक्ष देत नाहीत. मला ते शक्य नव्हतं. मी गाणं शिकवते. सांगली, मिरज, तासगाव अशा शिकवण्यांच्या फेऱ्यांमध्ये माझं ऐकणं होतं ते गाडीतच, आणि ऐकते ते मुख्यतः ख्याल. विलंबित आलापीत दोन स्वरांच्या मधे जी जागा असते, तिथे फक्त तानपुरा असतो. नेमकी त्या जागेत ही शिट्टी घुसायची. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांवरची गाणी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यात खरखर भरपूर आहे, पण ती एकसारखी असते, दोन मिनिटांत कान तिला बाजूला ठेवतो. सूर असलेला आणि सतत जागा बदलणारा आवाज कानाला बाजूला ठेवता येत नाही. किराणा घराण्याच्या त्या संथ स्वरलगावामागे कुणीतरी बेसूर शिट्टी मारत बसावं, हे मिरजेच्या रस्त्यावर तरी मला सहन होईना.

मग मी तिचा सूरच मोजला. विद्यार्थ्यांचे तानपुरे लावून द्यायला फोनमध्ये ट्यूनर ॲप असतं. गाडी उभी करून, काचा बंद करून ते स्पीकरजवळ धरलं. इंजिन आयडलिंगला असताना काटा १२४० हर्ट्झच्या आसपास थांबला. माझा षड्ज काळी चार. म्हणजे तार सप्तकाच्याही वरच्या सप्तकातला माझा पंचम. आरपीएमचा काटा १६०० च्या थोडा वर नेला तर शिट्टी बरोबर दुप्पट, एक सप्तक वर. इंजिनाच्या फेऱ्यांशी इतकी तंतोतंत बांधलेली गोष्ट एकच असू शकते, अल्टरनेटर. आपल्याकडे गॅरेजात त्याला सर्रास डायनामोच म्हणतात.

हिशोबही जुळतो. डायनामोत वीज तयार होते ती तीन फेजची एसी. आतले डायोड तिची डीसी करतात, पण ती डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. नेहमीच्या बारा पोलच्या डायनामोत एका फेऱ्याला अशा ३६ लहरी येतात. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ८३० फेरे घेत होतं आणि लहान पुलीमुळे डायनामो त्याच्या सुमारे अडीचपट फिरतो, म्हणजे सेकंदाला साडेचौतीस फेरे. त्याला ३६ ने गुणलं की १२४० च्या घरात आकडा येतो. तीन हजार आरपीएमला हाच सूर ४५०० हर्ट्झपर्यंत जातो. माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. हायवेवर ही शिट्टी इतकी का टोचते ते त्यामुळे कळलं.

गाडीतल्या इतर आवाजांनाही असेच स्वभाव असतात. गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा आवाज आला तर त्याचा सूर ॲक्सिलरेटरबरोबर चढत नाही, चावी ऑन केल्यावरच तो सुरू होतो. ब्लोअरचा आवाज ब्लोअरच्या बटणाबरोबर बदलतो. स्पार्कचा आवाज मुळात शिट्टीसारखा नसतोच. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे आयडलिंगला सेकंदाला सत्तावीस-अठ्ठावीस. ती टरटर ऐकू येते, रेस केल्यावर ती दाट होते. आणि नुसता एकसारखा 'स्सस्' असेल, तर तो बहुतेक ॲम्पचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पटीने वाढवायचा ते, जास्त ठेवल्यामुळे. पाना हातात घेण्याआधी कानाने एवढी विभागणी केली तर निम्मं काम होतं, असं माझं ठाम मत आहे.

गाडी पहिल्यांदा दाखवली ती शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात. तिथल्या मुलाने आवाज ऐकला न ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, नॉइज फिल्टर टाकू, पाच मिनिटांचं काम." स्टिरिओतून ॲम्पकडे जाणाऱ्या लीडच्या मधे त्याने एक छोटी डबी जोडली. शिट्टी खरंच जवळजवळ गेली. पण घरी येताना तानपुरा लावला आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. तो तानपुरा मिरजेचा, पुरुषी, मी स्वतःच रेकॉर्ड केलेला. त्याची खर्जाची तार सत्तर हर्ट्झच्या आसपास बोलते. भोपळ्यातून येणारी ती खोल आस पातळ झाली होती. जवारीची वरची झळाळी होती, खालचा आधार नव्हता.

त्या डबीत दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात. ते सिग्नल पुढे पाठवतात, पण दोन्ही बाजूंचा अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी करंटची परतीची वाट, एकमेकींपासून तोडतात. अर्थातून येणारी शिट्टी तिथे थांबते. मात्र स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर इतका छोटा असतो की त्याला खालचे सूर पेलत नाहीत. मोठा आणि चांगला घेतला तर फरक कमी पडतो, हेही खरं. पण बिघाड जिथे आहे तिथे तो राहतोच. डबीने फक्त तो माझ्या कानापर्यंत येऊ दिला नव्हता, आणि त्याच्याबरोबर खर्जही अडवला होता. मी ती काढून टाकली.

त्यानंतर गाठले ते शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे एक मामा. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर आणि ट्रकांचे डायनामो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) खोलण्यात गेलेले. स्टिरिओच्या दुकानदारांसारखं ते बोलत नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "ताई, आवाज बारीक केल्यावर शिट्टी बारीक हुती का?"

मी स्टिरिओचा आवाज पूर्ण शून्यावर आणला. शिट्टी होती तेवढीच राहिली.

"मग टेपात न्हाय ती. टेपाच्या म्होरं कुठंतरी शिरतीय."

इतका साधा प्रश्न आणि अर्धी गाडी तपासातून बाहेर. शिट्टी आवाजाच्या बटणाबरोबर कमी-जास्त झाली असती, तर ती बटणाच्या आधी, म्हणजे रेडिओत, फोनच्या वायरीत किंवा स्टिरिओच्या आत शोधावी लागली असती. बटणाला ती जुमानत नव्हती, म्हणजे ती शिरत होती स्टिरिओतून बाहेर पडणाऱ्या लीडपासून ॲम्पपर्यंतच्या टप्प्यात.

मग त्यांनी ॲम्प बंद करायला लावला आणि डिकीत वाकून ॲम्पला लावलेल्या आरसीए लीड, म्हणजे स्टिरिओतून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या गोल पिनेच्या वायरी, काढल्या. ॲम्प चालू असताना आरसीए काढायची-घालायची नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. त्याचं कारण मला नंतर कळलं. त्यांच्याकडे घरी बनवलेल्या दोन आरसीए पिना होत्या, मधला दांडा आणि बाहेरचं कडं एकमेकांना डाग देऊन जोडलेल्या. त्या ॲम्पच्या इनपुटला खोचल्या, ॲम्प चालू केला, इंजिन सुरू, रेस केलं. स्पीकर गप्प. म्हणजे ॲम्प स्वतः ठीक होता आणि बॅटरीच्या वायरीतूनही शिट्टी येत नव्हती. तशीच येत राहिली असती तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या पुरवठ्यात शोधायला लागला असता.

आता माझ्या फोनची पाळी. फोनमधून एक लीड थेट ॲम्पला. फोन स्वतःच्या बॅटरीवर. गाणं स्वच्छ, रेस केलं तरी स्वच्छ. मग मामांनी फोनला पुढच्या सॉकेटमधला चार्जर लावायला सांगितलं. पिन आत गेली आणि त्याच क्षणी शिट्टी. काढली, गेली. लावली, आली.

अर्थ लूप वगैरे मी वाचलं होतं, पण समजलं ते तिथे उभं राहून. फोन बॅटरीवर असेपर्यंत त्याचा गाडीच्या पत्र्याशी संबंध एकाच ठिकाणी होता, ॲम्पमार्गे. चार्जर लावला की तो डॅशबोर्डच्या अर्थलाही जोडला जातो. पुढचा अर्थ आणि मागचा अर्थ यांच्या विद्युत दाबात जराही फरक असेल, तर तो फरक लीडच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो आणि ॲम्प त्याला गाणं समजून वाढवतो. काही मिलिव्होल्टसुद्धा ऐकू यायला पुरतात. माझा स्टिरिओ कायमच पुढच्या अर्थवर होता, म्हणून शिट्टीही कायमची.

"म्हंजे दोन्हीकडचं अर्थिंग सारखं न्हाय. एक कच्चं हाय," मामा म्हणाले, "आता मीटर सांगंल कुठलं ते."

त्यांनी मीटरच्या एका टोकाला लांब वायर जोडून ती बॅटरीच्या मायनसला पकडली. दुसरं टोक ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूवर. मी गाणं मोठ्याने लावलं. मीटरवर ०.३८ व्होल्ट. शून्याच्या जवळ हवं, ०.१ च्या वर गेलं तर मामा अर्थिंग चांगलं मानत नाहीत. स्टिरिओच्या बाजूला मोजलं तेव्हा ०.०६. म्हणजे दोष मागे होता.

मागची सीट उचलली, गालिचा सोलला. ॲम्पची काळी वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. वरून सगळं घट्ट. मामांनी दहाच्या पान्याने बोल्ट सोडवला आणि वायरीच्या टोकाचं थिंबल उलटं करून मला दाखवलं. त्याची खालची बाजू लालसर-तपकिरी, जागोजागी पोपडे. बोल्टखालच्या पत्र्यावर कंपनीचा रंग तसाच होता, आणि रंगाच्या कडेने गंज आत शिरलेला. नख लावलं तर भुकटी बोटाला आली. वायरीचं दोन बोटं इन्सुलेशन सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. मामांनी बोट पुसलं आणि एवढंच विचारलं, "गाडी पाण्यात हुती काय?"

होती. ही गाडी मी जुनी घेतली, आणि देणाऱ्याने ते लपवलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. त्या दिवसांत ही गाडी सांगलीच्या गावभागात उभी होती, सीटच्या खालपर्यंत पाणी. इंजिन वाचलं, सीटची कव्हरं बदलली, वास गेला, गाडी सुंदर चालते. पण गालिच्याखालचा फोम ओल कितीतरी दिवस धरून ठेवतो, आणि नेमक्या त्याच ओलीत पत्र्यावरचे अर्थचे बोल्ट असतात. सांगलीत अशा गाड्या पुष्कळ आहेत. २००५, २०१९, २०२१, दर वेळी पाणी ओसरल्यावर लोक इंजिन ऑइल, ब्रेक, सेल्फ बघतात. अर्थचे बोल्ट कुणी सोडून बघत नाही. हेडलाइट मंद, फ्युएल गेजचा काटा नाचतो, हॉर्न बसका, असे किरकोळ आजार वर्षभराने सुरू होतात आणि प्रत्येकाचं निदान वेगवेगळं होतं. पुरातून निघालेली गाडी असेल तर आधी तिची सगळी अर्थिंग उघडून बघावीत, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

दुरुस्ती मामांनी निगुतीने केली. आधी बॅटरीचा मायनस काढला. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊया का, म्हणून त्यांच्या हाताखालच्या पोराने विचारलं, तर ते त्याच्यावर डाफरले. त्या बोल्टला हात लावायचा नाही, माणसाचा जीव त्याच्यावर. गंजलेल्या जागेपासून वीतभर बाजूला, चांगल्या जाड पत्र्यावर, रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत होईपर्यंत काढला. प्लसची वायर जेवढ्या जाडीची तेवढ्याच जाडीची नवीन वायर, लांबी हातभरसुद्धा नाही. थिंबल दाबून वर डाग दिला, पत्रा आणि थिंबलच्या मधे दातेरी वॉशर, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. रंग बोल्टच्या आत नको, पण बाहेरून हवा, असं ते म्हणाले. बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पकडे येणाऱ्या वायरीला जवळपास फ्यूजच नव्हता, तोही त्यांनी बॅटरीपासून फूटभर अंतरावर बसवला. त्याचा शिट्टीशी काही संबंध नाही. पण ती जाड वायर कुठे पत्र्याला घासली तर आग लागते, म्हणून तो मी आग्रहाने करून घेतलाच असता.

इंजिन सुरू केलं. मीटरवर ०.०५. शिट्टी बरीच खाली आली होती, पण होती.

मला वाटलं होतं आता संपलं. मामांना तसं वाटलं नाही. त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थपट्टी दाखवली. हिरवट-पांढरी बुरशी धरलेली, काही पदर तुटलेले. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून इंजिनाच्या कास्टिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं तर पाव व्होल्ट. डायनामोचा स्वतःचा अर्थ इंजिनातूनच असतो. त्यामुळे गाडीतल्या सगळ्या करंटला डायनामोकडे परतायला ही पट्टी हवी. ती बदलली. शिट्टी आणखी थोडी उतरली, आणि न मागता मिळालेला फायदा म्हणजे सेल्फ एकदम जोरात फिरायला लागला.

डायनामोवरचा संशयही तिथेच फेडून घेतला. मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला. ३० मिलिव्होल्टच्या आसपास. हा आकडा अर्ध्या व्होल्टकडे गेला असता तर एखादा डायोड गेला असं धरता आलं असतं. डीसीवर १४.२. डायनामो निरोगी. नवा डायनामो बसवा, असा सल्ला मला ओळखीतल्या काहींनी दिला होता. ते हजारो रुपये वाचले.

आता उरलेली शिट्टी. ती फक्त दोन हजार आरपीएमच्या वर, आणि तानपुरा एकटा असतानाच ऐकू येणारी. दुसऱ्या कुणी गाडी नेली असती तर इथेच हात झटकले असते. मामांनी स्टिरिओ डॅशबोर्डमधून अर्धा बाहेर ओढला. वीतभर वायर घेतली, दोन्ही टोकं सोललेली. एक टोक स्टिरिओच्या पत्र्याच्या डब्यावर दाबलं. दुसरं टोक मागच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला टेकवलं.

शिट्टी नाहीशी झाली. वायर उचलली, परत आली. टेकवली, गेली. मी स्वतः हातात घेऊन करून बघितलं. मागे खर्जाची तार तिच्या पूर्ण वजनासकट बोलत होती आणि तिच्या मागे दुसरं काहीही नव्हतं.

मीटरने मग कारण सांगितलं. ते कडं आणि स्टिरिओचा डबा यांच्यात जवळजवळ शून्य ओहम यायला हवे होते, मीटर किलोओहम दाखवत होता. बऱ्याच स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थच्या वाटेत आतल्या बोर्डावर एक केसाएवढा फ्यूज असतो. तो उडाला की गाणं चालू राहतं, पण लीडच्या जाळीचा स्टिरिओकडचा अर्थ सुटतो आणि पुढच्या-मागच्या अर्थमधला सगळा फरक ॲम्पला गाण्यासारखा मिळतो.

तो का उडाला, याचं उत्तर मागच्या सीटखाली होतं. मोठं गटार तुंबलं की पाणी शेजारच्या बोळातून वाट काढतं, सांगलीकरांना हे सांगायला नको. ॲम्पला परतीची मोठी वाट हवी, ती गंजाने तुंबली. मग ॲम्पचा करंट आरसीएच्या बारीक जाळीतून, स्टिरिओमार्गे, पुढच्या अर्थकडे जायला लागला. काही अँपिअरचा तो भार केसाएवढ्या फ्यूजने कसा सोसावा? ॲम्प चालू असताना आरसीए काढायला मामांचा विरोध होता तोही याचसाठी, कच्च्या अर्थच्या गाडीत नेमक्या त्या क्षणी हा फ्यूज जातो. म्हणजे पुराच्या ओलीने धरलेला गंज मागे, त्याने उडवलेला फ्यूज पुढे, आणि मधे माझी शिट्टी. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता. नुसतं अर्थिंग सुधारलं तर थोडी शिट्टी उरली होती. दोन्ही सापडायला हवं होतं.

मामा म्हणाले, ही वायर अशीच कायमची डाग देऊन टाकतो, पुष्कळ जण तसंच करतात आणि चालतं. मला आत फ्यूज असावा असंच वाटलं. तो ज्याने बसवला त्याने काही विचाराने बसवला असणार. म्हणून स्टिरिओ काढून मिरजेतल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी भिंग लावून, बारीक टोकाच्या सोल्डरने जुना फ्यूज उचलला आणि तसाच नवा बसवला. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान तुकडा. त्याचे पैसे घ्यायलाही ते लाजत होते.

स्टिरिओ बाहेर होताच, तर लीडचा रस्ताही बदलून घेतला. आधी प्लसची जाड वायर आणि आरसीए लीड एकाच बाजूच्या पट्टीखालून, एकमेकींना चिकटून मागे गेल्या होत्या. आता प्लस ड्रायव्हरच्या बाजूने, लीड डाव्या बाजूने. सीटखाली एका जागी त्या एकमेकींना ओलांडतात, तिथे मामांनी त्या काटकोनात ठेवल्या. लांबवर समांतर गेल्या तर एकीतला करंट दुसरीत उमटतो, काटकोनात फार कमी उमटतो.

राहिला गेन. ॲम्पवरचं हे बटण आवाज वाढवायचं नाही. स्टिरिओ जेवढा सिग्नल देतो त्याच्याशी ॲम्पची तोंडमिळवणी करायचं आहे. माझ्या ॲम्पवर ते पूर्ण उजवीकडे पिरगाळून ठेवलेलं होतं, म्हणजे अगदी क्षीण सिग्नलसाठी. तसं ठेवलं की लीडमध्ये शिरलेली धूळसुद्धा ॲम्प दहापट करून देतो. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर नेला, गेन पूर्ण खाली आणला, आणि गाणं फाटायच्या आधीपर्यंतच हळूहळू वर घेतला. तो निम्म्याच्याही खाली थांबला. 'स्सस्' गेला. आधीच्या बसवणाऱ्याने एवढं केलं असतं तर शिट्टीसुद्धा बरीच दबून राहिली असती. अर्थात मग गंजही सापडला नसता.

परवा तासगावहून परतताना बारीक आवाजात आलाप ऐकत आले. कवलापूरच्या अलीकडे एका जागी गायक श्वास घेतात तो ऐकू आला. ही ध्वनिफीत माझ्याकडे किती वर्षं आहे, तो श्वास गाडीत कधी ऐकला नव्हता.

एक काम बाकी आहे. सकाळी कधी मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली तर त्यात दोन वेगळ्या खरखरी येतात, त्या या सगळ्याशी संबंधित नाहीत. एक हेडलाइट लावल्यावर. बल्ब बाजारातले एलईडी आहेत, त्यांच्यातली छोटी सर्किटं फार वेगाने चालू-बंद होतात आणि ते अँटेना पकडते. बल्बच्या वायरींवर फेराइटची कडी चढवली, तेव्हा निम्म्याने कमी झाली. साधे हॅलोजन परत लावले तर पूर्ण जाईल, आणि बहुधा मी तेच करेन. दुसरी वायपर चालू केल्यावर येते. मोटरच्या ब्रशजवळच्या ठिणग्या त्या. मामांनी तिथे कपॅसिटर लावायचं कबूल केलंय, पावसाळ्याच्या आधी गाडी घेऊन या म्हणालेत. तेव्हाच सगळ्या अर्थच्या बोल्टवर पुन्हा एकदा मीटर फिरवून घेणार आहे.